जाळ्यासकट उडालेले पक्षी : एका अर्धवट आठवलेल्या कार्टूनचा शोध

#थ्रेड #इतिहास

१/ लहानपणी पाहिलेले एक कार्टून. नाव आठवत नाही, कोणी काढले ते ठाऊक नाही. आठवते ते एवढेच : जमिनीवर विखुरलेले दाणे, त्यावर पडलेले जाळे, आणि ते जाळे घेऊनच एकदम आकाशात उडालेले पक्षी. एक ताई आपल्या लहान भावाला काहीतरी समजावून सांगते आहे. शेवटी एक गाणे. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, पांढरकवडा येथे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कुणालाही विचारून पाहा; हे वर्णन ऐकताच चेहरा उजळतो. नाव मात्र बहुधा सांगता येत नाही.

२/ या धाग्यात त्या कार्टूनची ओळख पटवायची आहे. पण नुसते उत्तर सांगून थांबण्यात अर्थ नाही. अर्धवट आठवण ही तुटक्या शिलालेखासारखी असते. तिला तीन प्रश्न विचारावे लागतात. कथा कोणती? ती त्या गावी, त्या वर्षी, कोणत्या मार्गाने पोहोचू शकली असेल? आणि चित्र व आवाज कोणाच्या हातचे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळली, तरच ओळख पक्की मानावी.

३/ प्रथम कथा. जाळ्यासकट उडणारे पक्षी भारतीय वाङ्मयात एकाच ठिकाणी नाहीत. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर अशी गोष्ट सांगतो. तिथे पक्षी दोनच आहेत. ते जाळे घेऊन उडतात, पारधी खालून धावत राहतो, आणि अखेर ते दोघे आपसांत भांडून खाली पडतात. कौरव-पांडवांच्या भाऊबंदकीच्या संदर्भात सांगितलेली ही गोष्ट आहे; तिचा शेवट सुखाचा नाही.

४/ दुसरी परंपरा पाली जातकांची. सम्मोदमान जातकात लावा पक्ष्यांचा थवा आहे आणि त्यांचा प्रमुख म्हणजे पूर्वजन्मीचा बोधिसत्त्व. थवा जाळे उचलतो, काटेरी झुडपावर नेऊन टाकतो आणि खालून निसटतो. पुढे मात्र ‘मीच जास्त ओझे उचलले’ यावरून वाद पेटतो आणि भांडणारे लावे पारध्याच्या टोपलीत जातात. इथे पक्षी पुष्कळ आहेत, एकी आहे. पण सोडवणारा मित्र नाही.

५/ तिसरी परंपरा पंचतंत्राची आणि तिच्यावरून बेतलेल्या हितोपदेशाची. पंचतंत्राचे दुसरे तंत्र, म्हणजे मित्रसंप्राप्ती, याच प्रसंगाने सुरू होते. कबुतरांचा राजा चित्रग्रीव, दाण्यांचा मोह, जाळे, एकदम उड्डाण, आणि मग चित्रग्रीवाचा जुना मित्र हिरण्यक नावाचा उंदीर. हिरण्यक आधी राजाचे पाश कुरतडायला येतो, तेव्हा चित्रग्रीव सांगतो की आधी माझ्या सोबत्यांना सोडव. भांडण नाही, सुटका आहे.

६/ म्हणून आठवणीची पहिली कसोटी एका प्रश्नाची : उंदीर आठवतो का? आठवत असेल तर आपले कार्टून महाभारत किंवा जातक यांच्या वाटेने आलेले नाही, पंचतंत्राच्या वाटेने आलेले आहे. जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवू. हितोपदेशातील या कथेचा आरंभ गोदावरीच्या तीरावरील एका विशाल शाल्मली वृक्षापाशी, म्हणजे आपल्या काटेसावरीपाशी होतो. यवतमाळच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा वर्धा नदीला मिळते आणि ते पाणी प्राणहितेतून शेवटी गोदावरीलाच जाते.

७/ आता मार्ग. ‘आम्ही ते १९७५ साली टीव्हीवर पाहिले’ असे कुणी यवतमाळकर म्हणाला, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिथे थांबावे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक होते. पण मुंबईचे ते चित्र पुसदपर्यंत येत नव्हते.

८/ ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात ‘साइट’ हा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रसिद्ध प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचले. ती खेडी सहा राज्यांतील होती : आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान. यांत महाराष्ट्र नाही. शेजारच्या दोन-तीन राज्यांत उपग्रहाचे चित्र उतरत असताना यवतमाळ त्या नकाशाबाहेर होते.

९/ चित्र बदलले ते १९८२ नंतर. त्या वर्षी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, दिल्लीच्या आशियाई खेळांबरोबर रंगीत प्रक्षेपण आले. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला. १९८४ च्या उत्तरार्धात काही महिने देशात सरासरी दररोज एक नवा प्रक्षेपक उभा राहत होता. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या मुलांच्या घरात, शेजाऱ्याच्या ओसरीवर किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत टीव्ही आला तो या लाटेबरोबर. यवतमाळच्या बहुतेकांची ही आठवण त्यामुळे १९८० च्या दशकातील असली पाहिजे.

१०/ या लाटेने दोन खुणा मागे ठेवल्या. पहिली भाषेची. जिल्ह्याच्या गावांत बसवलेले बहुतेक लघुशक्ती प्रक्षेपक उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम तसाच पुढे सोडत. मुंबई-पुण्याच्या मुलाला मराठी बालकार्यक्रम मिळत, त्याच वेळी वणीच्या मुलाला हिंदीच ऐकू येई. गाणे हिंदीत आठवते, शब्द पुरते कळले नव्हते पण चाल पाठ आहे, ही तक्रार आठवणीच्या विरोधात जात नाही. उलट ती आठवणीची खूण पटवते.

११/ दुसरी खूण रंगाची. ‘ते काळे-पांढरे होते’ हे विधान चित्रपटाविषयी काहीच सिद्ध करत नाही. ते फक्त घरातील टीव्ही संचाविषयी सांगते. रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावरही अनेक वर्षे बहुसंख्य घरांत कृष्णधवल संचच होते. त्याचप्रमाणे ‘शेवट आठवत नाही’ याचा अर्थ चित्रपट अपुरा होता असा होत नाही. ऐन वेळी लाईट गेली, एवढाच असू शकतो.

१२/ टीव्हीपूर्वीचा मार्गही विसरू नये. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट व वार्तापट प्रत्येक चित्रपटगृहाला खेळाच्या आधी दाखवणे बंधनकारक होते. ते अनेक भारतीय भाषांत तयार होत, मराठीतही. शिवाय क्षेत्रीय प्रचार विभागाच्या गाड्या १६ मि.मी.चा प्रोजेक्टर घेऊन खेड्यांत जात आणि पडद्याऐवजी चादर लावून कुटुंबनियोजनापासून खतांपर्यंतचे चित्रपट दाखवत. म्हणून साठीतला माणूस कार्टून ‘मराठीत पाहिले’ म्हणाला तर तो चुकतो आहे असे समजू नये. तो बहुधा वेगळ्या मार्गाने आलेल्या वेगळ्या चित्रपटाविषयी बोलत असतो.

१३/ आता तिन्ही कसोट्या एकत्र ठेवू. पुष्कळ पक्षी, जाळे आणि सोडवणारे उंदीर. हिंदी संवाद व गाणे. दूरदर्शनवर, १९८० च्या दशकात, पुनःपुन्हा. चौकटीची कथा म्हणजे ताई आणि लहान भाऊ. ही सर्व लक्षणे एकाच चित्रपटात आहेत : ‘एक, अनेक और एकता’. निर्मिती फिल्म्स डिव्हिजनची, साल १९७४, लांबी सुमारे सात मिनिटे. म्हणजे बनला तेव्हा यवतमाळच्या घरांत टीव्ही नव्हता, आणि टीव्ही आला तेव्हा चित्रपट दहा वर्षांचा झाला होता.

१४/ त्याची रचना पाहण्याजोगी आहे. लहान भाऊ एक शब्द ऐकतो आणि त्याचा अर्थ विचारतो. ताई व्याख्या सांगत बसत नाही. ती आजूबाजूच्या वस्तू दाखवून ‘एक’ आणि ‘अनेक’ यांतला फरक शिकवते. मग पक्ष्यांची गोष्ट येते, आणि ‘अनेक’ मधून ‘एकता’ कशी होते ते डोळ्यांसमोर घडते. संख्येच्या धड्यापासून समाजाच्या धड्यापर्यंतचा हा प्रवास सात मिनिटांत होतो. भाषा नीट न कळणाऱ्या मुलालाही तो कळला, याचे कारण हेच : प्रत्येक शब्दाबरोबर त्याचे चित्र पडद्यावर होते.

१५/ हा चित्रपट दिग्दर्शित केला विजया मुळे यांनी. जन्म १९२१, मुंबई. विवाहानंतर त्या पाटण्याला गेल्या. तेथून शिष्यवृत्तीवर इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात शिकायला गेल्या असताना त्यांचा फिल्म सोसायटीशी परिचय झाला. परतल्यावर पाटण्यात आणि पुढे दिल्लीत त्या याच चळवळीत शिरल्या. १९५९ साली फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा अध्यक्ष सत्यजित राय होते आणि संयुक्त सचिवांत विजयाताई होत्या.

१६/ त्या मूळच्या शिक्षण खात्यातल्या. एन.सी.ई.आर.टी.च्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रात त्यांनी ग्रामीण मुलांसाठी चित्रपट व कार्यक्रमांचे काम केले. ‘साइट’ प्रयोगाची तयारी त्याच काळातली. ‘एक, अनेक और एकता’ला शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे परदेशी चित्रपटांनी विसाव्या शतकात भारत कसा रंगवला यावर त्यांनी एक मोठा ग्रंथ लिहिला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा त्या नव्वदीला टेकल्या होत्या. निकटवर्तीय त्यांना ‘अक्का’ म्हणत. मे २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या.

१७/ चित्रे हलवली भीमसेन यांनी. (गायक पं. भीमसेन जोशी वेगळे. हे भीमसेन खुराना.) जन्म १९३६, मुलतान. फाळणीने विस्थापित झालेल्या कुटुंबातला हा मुलगा चित्रकला शिकून १९६१ च्या सुमारास फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वचित्रे रंगवायला लागला आणि तेथेच कार्टूनची कला शिकला. १९७० च्या त्यांच्या ‘द क्लाइम्ब’ या लघुपटाला शिकागो महोत्सवात रौप्य ह्यूगो मिळाला. मुंबईत घर शोधणाऱ्या जोडप्याची गोष्ट सांगणारा ‘घरौंदा’ (१९७७) हा चित्रपट यांचाच. ‘एकता’ हा विषय रेखाटणाऱ्या हाताने फाळणी पाहिली होती, हे लक्षात ठेवून चित्रपट पुन्हा पाहावा. २०१८ मध्ये भीमसेन गेले.

१८/ संगीत वसंत देसाई यांचे. सिंधुदुर्गातून कोल्हापूरमार्गे ‘प्रभात’मध्ये आलेला आणि पुढे व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांनी घराघरांत पोहोचलेला हा संगीतकार शाळकरी मुलांकडून समूहगाने बसवून घेण्यात रमला होता. डिसेंबर १९७५ मध्ये त्यांचा अपघाती मृत्यू झाला. म्हणजे हे काम त्यांच्या अखेरच्या काळातले. शेवटचे गीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे, ज्यांनी दिल्लीत गांधर्व महाविद्यालय उभे केले. गाण्यातला बालस्वर दाभोळच्या एका लहान मुलीचा. पुढे ती साधना सरगम या नावाने देशाला माहीत झाली.

१९/ एवढी मोठी माणसे, आणि तरी नावे कुणाला आठवत नाहीत. याचे कारण त्यांच्या कामाच्या जागेत आहे. सात मिनिटांचा लघुपट दोन कार्यक्रमांमधल्या मोकळ्या वेळेत लागे. त्याची जाहिरात नव्हती, पोस्टर नव्हते, तिकीट नव्हते. लहान मूल श्रेयनामावली वाचत नाही. वडीलधारी माणसे बातम्यांसाठी बसलेली असत, कार्टूनसाठी नाही. लोकगीताचे जे होते तेच इथे झाले : गाणे सर्वांचे झाले आणि म्हणून कुणाचेच राहिले नाही.

२०/ मात्र सावध राहावे. प्रत्येक अर्धवट आठवण याच चित्रपटाची नसते. कुणा ज्येष्ठ व्यक्तीला पक्ष्यांऐवजी हरणे आठवत असतील, हरणांचा राजा एका गाभण हरिणीऐवजी स्वतःचा जीव देऊ करतो असे आठवत असेल, आणि चित्रे अजिंठ्याच्या भिंतीवरून उतरल्यासारखी वाटली असतील, तर तो चित्रपट बहुधा ‘द बनियन डिअर’ (१९५७). कथा न्यग्रोधमृग जातकाची, शैली जाणूनबुजून अजिंठ्याची.

२१/ तो फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाचा पहिल्या काळातला चित्रपट. हा विभाग १९५६ मध्ये सुरू झाला. भारतीय कलावंतांना शिकवण्यासाठी डिस्नेच्या कारखान्यात काम केलेला क्लेअर वीक्स अमेरिकी तांत्रिक साहाय्य योजनेतून मुंबईला आला. त्याच्या हाताखाली तयार झालेल्यांत राम मोहन होते. मराठी माणसांपैकी जी. के. गोखले हे या विभागाचे एक आधारस्तंभ. ‘राधा आणि कृष्ण’ (१९५८) आणि ‘होमो सॅप्स’ (१९६६) यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. भीमसेन यांची शाळाही हीच. म्हणजे हरणांचा चित्रपट आणि पक्ष्यांचा चित्रपट एकाच घरातले, सतरा वर्षांच्या अंतराचे.

२२/ पुढच्या पिढीची गल्लत वेगळी. लांडग्यांनी वाढवलेला मुलगा आणि रविवारची सकाळ आठवत असेल, तर ते १९९३ सालचे दूरदर्शनवरील ‘द जंगल बुक’. पुष्कळांना ते भारतीय वाटते, काहींना डिस्नेचे. प्रत्यक्षात ती निप्पॉन ॲनिमेशनची ५२ भागांची जपानी मालिका. तिथे ती १९८९-९० मध्ये प्रसारित झाली. भारतीय वाटण्याचे कारण आवाजात आहे : शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखान नाना पाटेकर यांचा. शिवाय किपलिंगचे सिवनीचे अरण्य विदर्भाला लागूनच आहे. टिपेश्वरच्या जंगलाशेजारी वाढलेल्या मुलाला तो वाघ परका का वाटावा?

२३/ आणखी एक वर्णन : ‘डोळे जपानी कार्टूनसारखे, पण गोष्ट रामाची.’ ही आठवण अगदी खरी आहे. युगो साको यांना १९८३ मध्ये शृंगवेरपूरच्या उत्खननावरील माहितीपटाच्या निमित्ताने रामकथेची ओढ लागली. त्यातून ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ (१९९२) हा भारत-जपान चित्रपट झाला. भारतीय बाजूने दिग्दर्शनात राम मोहन होते, संगीत वनराज भाटियांचे. हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा आणि रावणाचा अमरीश पुरी यांचा. जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा अनेकांना आपल्या बालपणीच्या कोड्याचे उत्तर मिळाले.

२४/ आठवणी अशा मिसळतात का? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात याचा अभ्यास मांडला. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि ठरावीक काळाने ती पुन्हा सांगायला लावली. प्रत्येक वेळी कथा आखूड होत गेली, अनोळखी तपशील गळाले आणि त्यांच्या जागी ओळखीचे आले. कनूचे साधी होडी झाले. माणूस आठवण साठवून ठेवत नाही, दर वेळी ती नव्याने रचतो. म्हणून कार्टूनमधल्या पक्ष्यांची ‘कबुतरे’ होतात : पुस्तकातला चित्रग्रीव पडद्यावरच्या पक्ष्यांत मिसळतो.

२५/ इथवरच्या कोड्यांना उत्तर आहे, कारण चित्रपट टिकले. जे टिकले नाहीत त्यांचे काय? दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून एक लघुपट केला. भांडवलदाराला पटवण्यासाठी तोच दाखवला. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला, ज्यात आगकाड्या आपोआप हलत आणि आकार घेत. भारतीय ॲनिमेशनची सुरुवात इथून मोजतात. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. प्रभात कंपनीने १९३४ मध्ये रघुनाथ केळकर यांच्याकडून ‘जंबू काका’ हे कार्टून करून घेतले. संस्कृतात जंबुक म्हणजे कोल्हा. नावातली गंमत आजही कळते. पण ज्यांनी तो पडदा पाहिला त्यांची पिढी गेली.

२६/ त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणारी आणि काळाने स्वतःच कुजणारी. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले होते. पी. के. नायर यांनी जे मिळेल ते जमवले. तरी ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील नायट्रेट साठ्याला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची रिळे जळाली. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आणि हे संग्रहालय दोन्ही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. इमारती, पाट्या, खाती बदलतात. त्या घडामोडीत सात मिनिटांचा एखादा लघुपट हरवणे सोपे असते आणि तो हरवल्याचे कुणाला कळणे अवघड.

२७/ यवतमाळच्या बाबतीत आणखी एक बाजू आहे. या जिल्ह्यात मराठीबरोबर गोरमाटी, गोंडी आणि कोलामी बोलली जाते; आंध्रच्या, म्हणजे आजच्या तेलंगणाच्या सीमेकडे तेलुगूही. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा. एकतेचा धडा देणारा तो चित्रपट या सर्व घरांत एकाच भाषेत, हिंदीत, पोहोचला. कोलाम पोडावरच्या मुलाने त्यातून नेमके काय घेतले? बहुधा शब्द नाही, उड्डाण घेतले. त्या मुलांनी काय पाहिले, काय समजले, याची नोंद कुठल्याही सरकारी यादीत नाही. ती फक्त आज पन्नाशीत असलेल्या माणसांच्या बोलण्यात आहे.

२८/ म्हणून ‘लहानपणीचे ते कार्टून कोणते?’ हा फावल्या वेळेतला खेळ समजू नये. चित्रपटाची यादी सांगते की तो बनला. सेन्सॉरचे प्रमाणपत्र सांगते की तो किती लांबीचा होता. पण तो कुणी पाहिला, कोणत्या गावी, कोणत्या भाषेत, आणि त्यातले काय मनात राहिले, हे प्रेक्षकाच्या साक्षीशिवाय कळत नाही. ही साक्ष देणारी पहिली पिढी, म्हणजे चादरीवर १६ मि.मी. पाहिलेली मंडळी, आता सत्तरीपुढे गेली आहे.

२९/ आपल्या घरातल्या अशा आठवणी लिहून ठेवायच्या असतील, तर ‘कसे होते’ यापेक्षा पुढचे प्रश्न विचारावेत : पडदा होता की टीव्ही? कोणत्या गावी, कुणाच्या घरी? तेव्हा आपण कितवीत होता? बोलणे कोणत्या भाषेत होते? प्राणी कोणते, आणि सुटका कुणी केली? गाण्याची चाल गुणगुणता येते का? आणि एक पथ्य : उत्तर मिळेपर्यंत चित्रपट दाखवू नये. एकदा पाहिला की जुनी आठवण पुसते आणि तिच्या जागी नवी बसते. मग साक्ष संपली.

३०/ ‘एक, अनेक और एकता’ आज सहज पाहता येतो. पाहाल तेव्हा सुरुवातीची नावे घाईने पुढे ढकलू नका. विजया मुळे, भीमसेन, वसंत देसाई, विनयचंद्र मौद्गल्य. आपण ज्यांचे गाणे चाळीस वर्षे गुणगुणलो, त्यांची ही नावे. आणि आपल्या आठवणीतले कार्टून या धाग्यातल्या कोणत्याच वर्णनाशी जुळत नसेल, तर गाव, अंदाजे साल, भाषा आणि प्राणी एवढे चार तपशील खाली लिहा. तुटके अक्षर एकट्याला लागत नाही. चार जणांनी वाचले तर लागते.

(धागा समाप्त)